पाळण्यापासूनचा अभ्यासक्रम

अमेरिकेतील अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती घरांत मूल जेमतेम रांगू लागलेले असते, तेव्हाच त्याच्या शिक्षणाचा आराखडा तयार होऊ लागतो. शाळेत घालायचे नाही, घरीच शिकवायचे, हा निर्णय झालेला असतो. प्रश्न उरतो तो अभ्यासक्रमाचा. अक्षरओळख कोणत्या पद्धतीने करून द्यायची, बायबलमधील गोष्टी कोणत्या क्रमाने सांगायच्या, इतिहास जगाच्या आरंभापासून शिकवायचा की अमेरिकेच्या स्थापनेपासून, विज्ञानाचे पुस्तक कोणत्या प्रकाशनाचे घ्यायचे, यावर आई-वडील महिनोन्‌महिने खल करतात. फ्लोरिडातील पेन्साकोला येथून निघणारी ‘अबेका’ची पुस्तके, बॉब जोन्स विद्यापीठाच्या मुद्रणालयाची पाठ्यपुस्तके, टेक्सासमध्ये १९७०मध्ये सुरू झालेली ‘अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ची स्वाध्यायपत्रे, वाचनावर भर देणारा ‘सोनलाइट’चा संच असे किती तरी पर्याय बाजारात आहेत, आणि त्यांतील डावे-उजवे करण्यात ही मंडळी आपल्याकडील लोक मुलीचे स्थळ पाहताना जेवढी चौकशी करतात तेवढी करतात.

हे एका दिवसात घडलेले नाही. १९२५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगॉन राज्याचा एक कायदा रद्द केला आणि प्रत्येक मुलाला सरकारी शाळेतच घातले पाहिजे अशी सक्ती राज्याला करता येणार नाही, असा निर्णय दिला. १९७२मध्ये अमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेबाहेर ठेवण्याची मुभा मिळाली. १९८३मध्ये गृहशिक्षण करणाऱ्या कुटुंबांच्या कायदेशीर बचावासाठी स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले. १९९९मध्ये अशी मुले साडेआठ लाखांच्या घरात होती, २०१२मध्ये ती सतरा लाखांच्या पुढे गेली. यातील सर्वच कुटुंबे धार्मिक कारणाने शाळा सोडणारी नव्हेत, पण या चळवळीचा कणा ख्रिस्ती पालकांचाच आहे. वर्गणी काढणे, न्यायालयात जाणे, आमदारांच्या दारात बसणे, पुस्तके लिहिणे, छापणे, मेळावे भरवणे हे सारे त्यांनी केले.

आपल्याकडील सेक्युलर विचारवंत अशा पालकांना कर्मठ म्हणून निकालात काढतात. आम्हाला तसे करता येत नाही. त्यांच्या मुळाशी असलेला विचार सरळ आहे. मुलाची पहिली आठ-दहा वर्षे ज्याच्या हाती, त्याच्या हाती मुलाची श्रद्धा. म्हणून ही वर्षे परक्याच्या हाती द्यायची नाहीत. या विचारात चूक काय आहे? तो ख्रिस्ती पालकाला लागू असेल, तर हिंदू पालकालाही लागू आहे.

आणि नेमके येथेच एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या धर्मसमाजातील जाणते लोक स्वतःचे मूल परक्या संस्कारापासून एवढे जपतात, त्याच धर्मसमाजाच्या मिशन संस्थांनी जगभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१मध्ये अल्पसंख्याकांच्या शाळांविषयी अहवाल दिला. त्यानुसार ख्रिस्ती अल्पसंख्य शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी त्या समाजाबाहेरचे आहेत. म्हणजे चार बाकांपैकी जवळजवळ तीन बाकांवर आपली मुले बसलेली असतात. कोणी त्यांना पळवून नेलेले नाही. आपणच त्यांना अडीच वर्षांची असताना बूट-मोजे घालून, ओळखीपाळखी काढून, देणगी भरून तेथे पोहोचवले आहे. तेव्हा या लेखातील राग मिशनऱ्यांवर असला, तरी निम्म्याहून अधिक आपल्या घरच्यांसाठी राखून ठेवलेला आहे.

मिशन शाळांचा हेतू कधी लपवलेला नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३मध्ये मुंबईत उतरली. १८३२मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत शाळा काढली, तीच पुढे विल्सन महाविद्यालय झाली. हा माणूस किती तयारीचा होता, ते अजिंठ्याच्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १८१९मध्ये जॉन स्मिथ या शिकारीला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. पुढे पश्चिम भारतातील लेण्यांच्या अभ्यासासाठी सरकारने आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष होते हेच विल्सन. संस्कृत, मराठी, गुजराती, फारसी आत्मसात केलेला हा धर्मोपदेशक आपल्या गुंफांतील शिल्पे आणि शिलालेख तपासत होता, त्यावर निबंध लिहीत होता. ज्यांना बदलायचे त्यांना आधी पूर्णपणे जाणून घ्यायचे, ही त्यांची रीत होती. त्या काळात अजिंठ्याच्या डोंगरातील चित्रे कोणाची आणि कशाची, हे सांगू शकेल असा एक तरी पदवीधर मराठी माणूस आपण दाखवू शकलो असतो का? हयाचे उत्तर प्रत्येकाने मनाशी द्यावे.

१८३९मध्ये विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मुंबई हादरली. १८४३मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला होता, त्याच्यासाठी वडिलांना न्यायालयात जावे लागले. मुलगा परत मिळाला. पण त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावरून आपल्याच लोकांनी रान उठवले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून उभे राहिले, तर धर्माचे रक्षक म्हणवणारे त्यांच्याच विरोधात गेले. नारायण शेषाद्री पुढे याच मराठवाड्यात, जालन्याला आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. एका घरातील दोन भाऊ. एकासाठी मिशनने गाव वसवले, दुसऱ्यासाठी आपण वाद घातला.

न्याय्य बोलायचे, तर मिशन शाळांचे ऋण नाकारता येणार नाही. मुलींना शिकवणे हे पाप समजले जात होते, तेव्हा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाशी त्यांचे नाव जोडले जाते. आपण रिकामी ठेवलेली जागा त्यांनी भरली. रिकाम्या जागेबद्दल भरणाऱ्याला दोष देता येत नाही.

या विषयात महाराष्ट्राने पाहिलेले सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचे नाव काढले की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, पण थोडे थांबून पाहावे. रमाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, त्यासाठी लोकांचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटले. तेथे १८५८मध्ये रमाबाई जन्मल्या. आईने त्यांना पहाटे उठवून भागवत शिकवले. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत देशभर पायी फिरले. हे गृहशिक्षणच होते, आणि त्याचा कस असा, की १८७८मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. अमेरिकेतील कोणत्याही घरी शिकलेल्या मुलीची कीर्ती यापुढे ठेवून पाहावी. हिंदू घराने हे घडवले होते. हिंदू समाजाने मात्र त्या विद्येला आणि नंतर त्या विधवेला जागा दिली नाही. १८८३च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

आता खरी गोष्ट पुढे आहे. रमाबाईंची लहानगी मुलगी मनोरमा त्यांच्यासोबत होती. तिला ख्रिस्ती धर्म कोणी, किती आणि केव्हा शिकवायचा, यावरून रमाबाई आणि वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्यात कडाक्याचा वाद झाला. तो पत्रव्यवहार उपलब्ध आहे. मठाला वाटे, की मुलीला चर्चची संपूर्ण शिकवण लहानपणापासून मिळावी. रमाबाईंचे म्हणणे होते, की जी तत्त्वे मला स्वतःला अजून पटलेली नाहीत आणि ज्यांचा अर्थ चार वर्षांच्या पोरीला समजणे शक्य नाही, ती तिच्याकडून घोकून घेऊ नयेत. आणि दुसरे, जे आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे: मुलगी स्वतःच्या देशबांधवांत परकी किंवा त्यांच्याहून वरची ठरू नये. धर्म बदललेली ही बाई, आश्रयदात्यांच्या घरात राहत असताना, त्यांच्या मुलखात, मुलीच्या अभ्यासक्रमावरचा आईचा हक्क सोडायला तयार नव्हती. मनोरमा पुढे भारतातच परतली आणि आईच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राबली.

आज पुण्या-मुंबईतल्या, संभाजीनगरच्या सिडकोतल्या हिंदू आईला विचारा, की बाई, तुझ्या मुलाच्या शाळेतील प्रार्थनेत काय म्हणतात? किती जणींना सांगता येईल? ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी ख्रिस्ती मठाशी भांडून जो हक्क राखला, तो आपण शुल्काच्या पावतीबरोबर खिडकीत सोडून येतो.

अमेरिकेतील त्या अभ्यासक्रमांचे सारे काही घेण्यासारखे आहे, असे मुळीच नव्हे. त्यातील अनेक पुस्तकांत पृथ्वीचे वय सहा-दहा हजार वर्षे मानून विज्ञान रचले जाते. अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तो दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. वाघूर नदीच्या त्या नालाकृती कड्याखाली उभे राहून ही पुस्तके वाचावीत, म्हणजे त्यांची किंमत कळेल. मात्र हसताना थोडे जपून. आपल्यातही असे उत्साही आहेत, ज्यांना प्रत्येक पुराणात विमान आणि प्रत्येक मंत्रात अणुबाँब दिसतो. मुलाला असले काही सांगाल, तर तो अकरावीत जाईपर्यंत विश्वास ठेवील आणि बारावीत तुमचे सगळेच सांगणे टाकून देईल. खऱ्या आर्यभटाने जे केले ते पुरेसे मोठे आहे.

इतिहासाचेही तसेच. या घरांत मिशनऱ्यांची चरित्रे मुलांना आवडीने वाचून दाखवली जातात. विल्यम केरी, एमी कार्मायकल ही नावे तिथल्या आठ वर्षांच्या मुलांना पाठ असतात. केरीने १८०५मध्ये मराठीचे व्याकरण छापले, १८१०मध्ये मोडी लिपीत कोश काढला, हे खरेच. पण त्याच्या शेजारी बसून त्याला मराठी शिकवणारे, फोर्ट विल्यम महाविद्यालयातील पंडित वैजनाथ कोण? टेक्सासमधल्या मुलाला ते नाव ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. ते सदाशिव पेठेतल्या मुलालाही ठाऊक नाही. त्यांनी त्यांच्या केरीला विसरू दिले नाही, आम्ही आमच्या वैजनाथाला कधी लक्षातच घेतले नाही.

मग आपणही मुलांना शाळेतून काढून घरी बसवावे काय? अलीकडे शहरांतील काही हिंदू कुटुंबे हा विचार करू लागली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. बालशिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याचे दहावे कलम सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवते. ते न पाळल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही आणि गृहशिक्षणाचा उल्लेखही नाही, त्यामुळे ही वाट धूसर आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, असे मार्ग आहेत. ज्यांना जमते त्यांनी अवश्य करावे, त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

पण समाज म्हणून ही आपली वाट होऊ शकत नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याकडे पाहा. वाकाटक नृपती हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात ते करवून घेतले. त्याच्या भिंतीवर सिद्धार्थाच्या बालपणाचे प्रसंग आहेत, रंग बरेच उडाले आहेत, तरी पाठशाळेत इतर मुलांबरोबर शिकणारा राजपुत्र ओळखू येतो. शुद्धोदनाने या मुलाला दुःख दिसू नये म्हणून त्याच्याभोवती प्रासाद, उद्याने, पहारे उभे केले. बापाने आखलेला तो अतिशय काटेकोर, बंदिस्त अभ्यासक्रम होता. एक म्हातारा, एक रोगी आणि एक प्रेत रस्त्यात दिसले, आणि सारी तटबंदी कोसळली. जे मूल जगापासून लपवले जाते त्याला जग शेवटी भेटतेच, आणि भेटते तेव्हा बाप जवळ नसतो.

शिवाय आपला प्रश्न अमेरिकन ख्रिस्ती पालकाहून वेगळा आहे. शतकानुशतके आपण घराघरांत, जातीजातींत वेगळे शिकलो. पाथरवटाचे पोर पाथरवटाकडे, भटजींचे पोर भटजींकडे. हेही गृहशिक्षणच होते आणि त्याने समाजाचे किती तुकडे केले ते सांगायला नको. एका बाकावर सर्वांची मुले बसणे ही हिंदू संघटनेची पहिली पायरी आहे. ती मोडून आपापल्या सदनिकेत सुसंस्कारित मुले वाढवण्यात काय अर्थ? निजामी राजवटीत, जेव्हा या अजिंठ्यापासून नांदेडपर्यंत शाळेची भाषा उर्दू होती, तेव्हा मराठवाड्यातील मंडळींनी मुलांना घरात कोंडले नाही. औरंगाबादेत १९१५मध्ये सरस्वती भुवन उभे केले, अंबाजोगाईला १९१७मध्ये योगेश्वरी, हिप्परग्याला १९२१मध्ये राष्ट्रीय शाळा. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखा माणूस हिप्परग्याच्या त्या शाळेत मास्तर होता. गावाने ज्वारी दिली, मास्तरांनी आयुष्य दिले.

आज मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरत जातो आणि २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा आपल्यातील किती जणांची मुले तिथे होती? भाषणात मातृभाषा आणि प्रवेश अर्जात कॉन्व्हेंट, हे आपल्या कार्यकर्त्यांच्या घरातलेही चित्र आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला आणि किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेचा आग्रह धरला. धोरणाचे स्वागत आपण फटाके वाजवून केले, मुले मात्र जेथे होती तेथेच राहिली.

कायद्यातील विषमतेविषयीही बोलले पाहिजे. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागूच होत नाही असे ठरवले. परिणामी हिंदू कार्यकर्त्याने पोटाला चिमटा काढून चालवलेल्या विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के जागांचा नियम आहे, शेजारच्या श्रीमंत मिशन शाळेला नाही. वंचितांच्या सेवेचा वारसा सांगणाऱ्या संस्थांनी ही सवलत मुकाट्याने घ्यावी, हे त्यांच्याच वारशाला शोभत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनही आलेल्या याचिकांवर निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका नोंदवली आणि प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे सुचवले. त्याचा पाठपुरावा आपल्या विधिज्ञ मंडळींनी केला पाहिजे.

तोवर हातात काय आहे? राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम आहे. सरकारमान्य किंवा सरकारी साह्य घेणाऱ्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. केरळमधील यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटले नाही म्हणून शाळेतून काढले, तेव्हा त्यांचे पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८६मध्ये जिंकले. तो निकाल आपल्याला बोचतो. बोचू द्या. पण आपल्या मुलाच्या श्रद्धेसाठी ते दिल्लीपर्यंत गेले आणि आपण मुख्याध्यापकांना चार ओळींचे पत्र लिहायला कचरतो, कारण ‘उगाच मुलाकडे डूख धरतील’. ज्यांची मुले मिशन शाळांत आहेत त्यांनी येत्या जूनमध्ये हे पत्र लिहावे. सभ्य भाषेत, कलमाचा उल्लेख करून, पोच घेऊन.

आणि घरातला अभ्यासक्रम आखावा, शाळा कोणतीही असो. अमेरिकन आई-बाप मुलाच्या पहिल्या वाढदिवसाआधी जी वही घेऊन बसतात, ती आपणही घ्यावी. रोज अर्धा तास. कोणत्या वर्षी कोणते स्तोत्र, कोणत्या वर्षी ज्ञानेश्वरांची आणि कोणत्या वर्षी चोखोबांची ओळख, शिवचरित्र कोणत्या पुस्तकातून, आजीने कोणत्या गोष्टी सांगायच्या, हे लिहून काढावे. मुलाला अवघड प्रश्न पडतील, अस्पृश्यतेविषयी, सतीविषयी, त्यांची उत्तरे आधी स्वतः वाचून ठेवावीत. न वाचलेल्या बापाची उत्तरे मूल तिसरीतच ओळखते. शाखा, बालगोकुलम् किंवा वस्तीतील संस्कारवर्ग असेल तर तेथे आपले मूल आणि कामवाल्या बाईंचे मूल एकाच सतरंजीवर बसेल एवढे पाहावे.

सहलीला फर्दापूरला उतराल तेव्हा मुलांना घाईघाईने पद्मपाणीसमोर उभे करून फोटो काढून परत आणू नका. दहाव्या लेण्यात न्या. तेथील जुन्या चित्रांत श्याम जातक आहे: आंधळ्या आई-बापांची सेवा करणारा मुलगा पाणी आणायला जातो आणि राजाच्या बाणाने घायाळ होतो. मुलगा लगेच म्हणेल, हा तर श्रावणबाळ! म्हणाला नाही, तर ती गोष्ट आधी घरी सांगायची राहिली आहे. परतीच्या गाडीत, अजिंठ्याचा घाट चढेपर्यंत, सांगून होते.